सुटे मत

४ मार्च

शिवणवाल्या बाई आज पहाटे गेल्या.

मला डेअरीवर कळले. सकाळचे दूध चालू होते. रांगेतला एक जण किटली टेकवता टेकवता म्हणाला, "फॅटवाले, तुमची जोडी गेली की." मी म्हणालो, "किटली सरळ धरा, सांडतंय." त्याच्या दुधाला तीन पॉइंट सहा फॅट लागली. ती मी त्याच्या आधीच्या माणसाच्या नावावर लिहिली. मग खोडून दुरुस्त केले. अशी चूक माझ्याकडून होत नाही.

दुपारी जाऊन आलो. घर छत्रीच्या पक्षवाल्यांनी भरलेले होते, ते साहजिकच होते. त्यांनी मला वाट करून दिली. मी दाराशीच थांबलो. शिवणयंत्राच्या सुईखाली एक बाही अर्धवट तशीच होती. कोणीतरी ती काढून ठेवायला हवी होती.

५ मार्च

जेवण गेले नाही. वहिनी म्हणाली, "भावजी, दोन घास तरी खा." मी म्हणालो पोट बरे नाही.

दादा म्हणाला, "म्हणजे तू आता सुटा."

वहिनीने त्याच्याकडे असे पाहिले की तो ताटात बघू लागला. का ते कळले नाही. दादा खरे तेच बोलला होता.

९ मार्च

निवडणूक कार्यालयातून एक साहेब आले होते. तरुण, गळ्यात ओळखपत्र. डेअरीच्या भिंतीवर 'मतदान करा' असा कागद चिकटवला आणि म्हणाले, "तुमच्या गावात मतदार चारशे, आणि मतं पडतात पस्तीस-चाळीस. लोकांना रसच नाही का?"

दादा म्हणाला, "रस आहे म्हणून तर घरी बसतो."

साहेबांना ते कळले नाही. त्यांनी आम्हाला लोकशाहीचे महत्त्व सांगितले. रांगेतल्या सगळ्यांनी माना हलवल्या. एकाने तर त्यांना चहाही पाजला.

सांगायचे म्हटले तर अवघड काहीच नाही. मतदान खिंडीपलीकडच्या शाळेत असते. चढून जाऊन उतरून यायचे म्हणजे दिवस मोडतो आणि गाई थांबत नाहीत. आमच्या आजोबांच्या वेळी दोन शेजारी होते, एक शिडी निशाणीचा, एक छत्रीचा. दोघे धापा टाकत खिंड चढायचे, एकमेकांना खोडायचे आणि धापा टाकत परत यायचे. एके वर्षी त्यांच्या लक्षात आले की दोघेही घरी बसले तरी निकाल तोच. ती पहिली जोडी. मग सगळ्या गावाने जोड्या लावल्या. शिडीच्या प्रत्येकाला छत्रीचा एक. मतदान संपेपर्यंत जोडीने एकमेकांच्या नजरेसमोर बसायचे, एवढाच नियम. विश्वास सगळ्यांचा सगळ्यांवर आहे, पण माणूस डोळ्यांसमोर असलेला बरा.

ज्याची जोडी मेली किंवा गाव सोडून गेली, तो सुटा. सुट्याला खिंड चढावी लागते. गावाचा कारभार कोणाकडे जायचा हे सुटेच ठरवतात.

कोण कोणत्या बाजूचे हे विचारावे लागत नाही. ज्या घरात जन्मलो त्या घराची बाजू आपली. बाई ज्या घरात नांदायला आली त्या घराची बाजू तिची. दुकाने दोन, चक्क्या दोन, डेअऱ्या दोन. आमच्या गाईसुद्धा शिडीच्या. दादा म्हणतो, शिडीची गाय छत्रीच्या वळूकडे नेली तर वासराची जोडी पोटातच लागते, ते पुढे आयुष्यभर मतदानाला जात नाही. हा विनोद तो दर निवडणुकीला करतो.

१२ मार्च

आमच्या जोडीविषयी आज चक्कीवर बोलणे निघाले, म्हणून लिहून ठेवतो.

माझी आधीची जोडी मुलाकडे शहरात गेली. त्याच सुमाराला शिवणवाल्या बाईंचा नवरा वारला आणि त्यांची जोडी असलेली शेजारीणही गाव सोडून गेली. शिडीचा मी उरलो, छत्रीच्या बाई उरल्या. बैठकीत कोणीतरी म्हणाले, बाईमाणूस आणि पुरुष दिवसभर एका खोलीत, हे बरे दिसत नाही. बाई मागे बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मताला काय मिशा असतात?" सगळे हसले आणि विषय संपला. दार उघडे ठेवायचे असे ठरले.

त्याला अठ्ठावीस वर्षे झाली. गावाची निवडणूक, जिल्ह्याची, देशाची. कधी वर्षात एकदा, कधी दोन वर्षांत एकदा. मी सकाळचे दूध उरकून जायचो आणि समोरच्या बाकावर बसायचो. त्या शिवत असायच्या. मी वर्तमानपत्र वाचायचो. त्या म्हणायच्या, "मनात कशाला वाचता, मोठ्यानं वाचा, मलाही कळू दे देशात काय चाललंय." म्हणून मोठ्याने वाचायचो, जाहिरातींसकट. गेल्या काही वर्षांत त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता. तो मी ओवून द्यायचो. पाच वाजले की उठायचो. त्या म्हणायच्या, "झालं का राज्य वाचवून?" मी म्हणायचो, "झालं."

एकूण कंटाळवाणे काम.

एका वर्षी सरकार पडले आणि चार महिन्यांत देशाची निवडणूक दोनदा झाली. मी वैतागून म्हणालो, ही काय कटकट. बाई म्हणाल्या, "पडू दे की. अशीच पडत राहू देत." सरकार शिडीचे होते आणि त्या छत्रीच्या, तेव्हा त्यांना तसे वाटणे साहजिक होते.

१६ मार्च

सेक्रेटरी आला. सेक्रेटरी म्हणजे शिडीचा आमच्या गावातला माणूस. डेअरीही त्याच्याच देखरेखीखाली आहे.

दूध कंपनीचे पत्र आले आहे. गावात दूध कमी झाले, दोन ठिकाणी टँकर थांबवणे परवडत नाही. मेपासून एकच डेअरी. कोणती ठेवायची ते गावाने कळवावे. गाव म्हणजे नवा गावप्रमुख. त्याची निवडणूक अकरा एप्रिलला.

सेक्रेटरीने बोटांवर सुटे मोजले. "त्यांचे अठरा. आपले अठरा होते. बाई गेल्या, तू सुटलास. एकोणीस." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाईंनी जाता जाता डेअरी वाचवली बघ आपली."

मी म्हणालो, "हात काढ."

तो म्हणाला, "अरे, वाईट वाटलं का? चांगल्या अर्थानं म्हणालो."

शिडी हरली तर माझे काम जाईल. अठ्ठावन्न वर्षांचा आहे. फॅट काढण्याखेरीज दुसरे काही येत नाही. शिडी जिंकली तर खालची, म्हणजे छत्रीची, डेअरी बंद होईल. तिथे फॅट काढायला बाईंची मुलगी आहे. हे सेक्रेटरी बोलला नाही. मीही बोललो नाही.

१७ मार्च

गुडघा दुखतो. खिंड चढवेल की नाही शंका आहे.

२३ मार्च

मुलीचा मामा, म्हणजे शिवणवाल्या बाईंचा भाऊ, सध्या इथे राहायला आला आहे. बोलका माणूस. संध्याकाळी आमच्या डेअरीवर आला आणि बाकावर बसला. मी म्हणालो, "पाव्हणं, तुमची डेअरी खाली आहे."

"खालची? ती तर छत्रीची ना?"

"हो. तुम्ही छत्रीचेच की."

तो हसायला लागला. "आम्ही? आमचं सगळं घर शिडीचं हो, तिकडं. ताई तर लहानपणी प्रचाराची शिडी खांद्यावर घेऊन गावभर हिंडायची. एकदा त्या शिडीवरून पडून हात मोडून घेतलान्. वडील म्हणाले, पक्षासाठी पहिलं रक्त आमच्या पोरीनं सांडलं."

मी म्हणालो, "ते माहेरचं. इथं आल्यावर छत्रीच्या झाल्या असतील."

"ताई? दाजींसमोर गप्प बसायची, तेवढंच. शेवटपर्यंत शिडीचीच. गेल्या वर्षी मला म्हणाली, जन्माला शिडीची आले, मरताना छत्री कशाला धरू."

माझ्या हातातला नमुना सांडला. दुसरा घ्यावा लागला.

२४ मार्च

काल लिहिता आले नाही पुढे.

शिवणवाल्या बाई शिडीच्या होत्या. मी शिडीचा. म्हणजे आमची जोडी ही जोडीच नव्हती. अठ्ठावीस वर्षे दर निवडणुकीला आम्ही शिडीची दोन मते घरी बसवली. आठ वर्षांपूर्वी शिडी गावात एका मताने हरली. आम्ही दोघे खिंड चढलो असतो तर जिंकली असती. दवाखाना खालच्या अंगाला गेला तो त्याच वर्षी. दादा पाय मोडलेला असताना तिथवर लंगडत जायचा.

ही फसवणूक आहे. दुसरा शब्द नाही.

आणि मग सरकार पडल्यावर त्या खूश का झाल्या? सरकार तर त्यांचेच होते. याचा काही उलगडा होत नाही.

२५ मार्च

वहिनीला सांगितले. तिच्याशिवाय कोणाला सांगणार. दादाला सांगितले तर गावभर होईल, आणि मग त्या मुलीला खालच्या डेअरीत कोणी उभे करणार नाही. ती तिथे आहे ती छत्रीच्या घरची म्हणून.

वहिनी कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "तुम्हाला आत्ता कळलं?"

"तुला माहीत होतं?"

"बायकांना माहीत होतं."

"सगळ्या बायकांना?"

"शिडीच्यापण आणि छत्रीच्यापण. तिच्याकडं कपडे शिवायला सगळ्याच जात होतो की."

मी म्हणालो, "अगं, मग सांगायचं नाही का? शिडीचं किती नुकसान झालं."

वहिनीने चादर झटकली. "भावजी, तुम्हाला दुधातलं पाणी बरोबर कळतं हो," ती म्हणाली. "बाकी देवानं तुम्हाला कोरंच ठेवलं."

यात माझे काय चुकले ते तिने सांगितले नाही. चादरीचे दुसरे टोक धरायला लावले.

२९ मार्च

राग जात नाही. पण राग धरायचा कोणावर हा प्रश्न आहे. दुपारी पाय त्यांच्या गल्लीकडे वळले. विचारायचे होते, का केलेत असे. शिवणाच्या खोलीला कुलूप होते. त्यांना विचारता येणार नाही हे तिथे पोचल्यावर लक्षात आले. इतका वेळ ते डोक्यात नव्हते, हे लिहायलाही लाज वाटते.

परत येताना सुतार भेटला. तो छत्रीचा, दादाची जोडी. दोघे मतदानाच्या दिवशी पत्ते खेळतात आणि दर वेळी भांडतात. म्हणाला, "तुझा दादा परवा विचारत होता, मी मेलो तर तू काय करशील. मी म्हणालो, नाचेन. मतदान करीन आणि वर नाचेन." मग थोडे चालून म्हणाला, "त्याचा खोकला बरा आहे ना रे?"

२ एप्रिल

ठरवले. जाणार. जोडीच खोटी होती, तेव्हा मला कसलेही बंधन नाही. इतक्या वर्षांचे नुकसान एका मताने भरून येणार नाही, पण निदान डेअरी राहील. सेक्रेटरीला तसे सांगितले. तो म्हणाला, "मला शंका नव्हतीच," आणि जाताना तीनदा वळून विचारले, "नक्की ना?"

माझा एक शर्ट बाईंकडे कॉलर उलटायला दिला होता. आज मुलीने वहिनीच्या हाती पाठवला. कॉलर झालेली होती. कधी केली कोण जाणे.

६ एप्रिल

दूध कमी. उन्हाळा. दोन्ही वेळचे मिळून दोन कॅन भरत नाहीत. हे असेच राहिले तर जिंकून राहिलेली डेअरीही फार काळ राहणार नाही. हे कोणी बोलत नाही.

११ एप्रिल

मतदान.

सकाळचे दूध दादाने बघितले. सुतार त्याच्या शेजारी बसला होता, नजर ठेवायला. मी निघालो तेव्हा सुतार म्हणाला, "जपून चढ. तुझं मत आमच्या विरुद्ध आहे, पण गुडघा आमच्याच गावचा आहे."

खिंडीत तीनदा बसलो. या वाटेने मी मत द्यायला कधीच आलो नव्हतो. शाळा साधीच आहे. मला उगीच मोठे काहीतरी वाटत होते.

रांग पटांगणात होती. रांगेत आमच्याच गावची माणसे, पण ती एकत्र अशी मी कधी पाहिली नव्हती. पुढे निवृत्त पोस्टमन. त्याची जोडी गेल्या हिवाळ्यात वारली. त्याच्या मागे सायकल दुरुस्तीवाला, त्याची जोडी मुलाकडे गेली ती परत आली नाही. दाई होती, तिच्या तर दोन जोड्या झाल्या आणि दोन्ही गेल्या. शिडीचे, छत्रीचे, सगळे मिसळलेले. कोणी कोणाशी बोलत नव्हते. एरवी गावात एवढी माणसे एका जागी जमली तर कान किटतात. इथे प्रत्येक जण पुढच्याच्या पाठीकडे बघत होता. आमच्या गावात कोण कोण उरले नाही ते बघायचे असेल तर या रांगेत उभे राहावे.

पोस्टमनने वळून पाहिले. म्हणाला, "आलास? ये." कोणाच्या घरी कोणी वारल्यावर दारात म्हणतात तसे.

मला तिथे उभे राहवेना. उन्हाने असेल.

तेवढ्यात मागून कोणी म्हणाले, "काका?" बाईंची मुलगी होती. पदराने घाम पुसत होती.

मी म्हणालो, "तू इथं कशी? तुझी जोडी आहे की."

"होती. तिचं नाव शहराच्या यादीत गेलं. काल कळलं. मी सुटी." मग म्हणाली, "छत्रीच्या लोकांना अजून माहीतसुद्धा नाही. सकाळी तशीच निघाले."

मी मनात मांडले. त्यांचे अठरा आणि ही एक, एकोणीस. आमचे एकोणीस.

"म्हणजे तू मला खोडणार," मी म्हणालो.

"आणि तुम्ही मला."

"एवढ्यासाठी खिंड चढलो होय?"

ती हसली. हसताना डोळे बारीक करते. ही सवय तिच्या आईची. मी आधी पाहिली नव्हती, किंवा पाहिली असेल.

रांग सरकली. माझ्यापुढे चार-पाच जण राहिले. आत टेबलाशी तोच गळ्यात ओळखपत्रवाला साहेब बसला होता. मला बघून त्याला आनंद झालेला दिसला.

मी म्हणालो, "जोडी लावायची का?"

"आत्ता?"

"आत्ता."

तिने पुढे पाहिले, मग माझ्याकडे. "तुमच्या माणसांना वाटेल तुम्ही दगा दिलात."

"तुझ्या माणसांना?"

"त्यांना तर मी सुटी झाले हेच माहीत नाही. ते म्हणतील, घरी होती." मग म्हणाली, "तुमचंच नुकसान आहे काका."

मी म्हणालो, "नुकसान कसलं. एक इकडचं, एक तिकडचं. निकाल तोच."

आम्ही रांगेतून बाहेर पडलो. साहेब खुर्चीतून अर्धा उठला, मग बसला.

पाचपर्यंत शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर बसलो, सावली सरकेल तसे सरकत. तिने एकटीपुरता डबा आणला होता, त्यातला अर्धा मला दिला. बोलण्यासारखे फारसे नव्हते. मी विचारले, खालच्या डेअरीत मशीन कोणते. तिने सांगितले. आमच्याच जातीचे, थोडे नवे.

मग ती म्हणाली, "मतदान असलं की आई मला मावशीकडं पाठवायची. मला फार राग यायचा. एकदा न सांगता लवकर परत आले. दारातून बघितलं तर तुम्ही वाचत होतात. साबणाची जाहिरात. आई यंत्र थांबवून ऐकत होती."

"यंत्राच्या आवाजात ऐकू येत नसेल," मी म्हणालो.

"असेल. पण न्हाऊन, इस्त्रीचे कपडे घालून बसायची हो, फक्त त्या दिवशी."

"गिऱ्हाईक यायचं असेल."

"मतदानाच्या दिवशी गिऱ्हाईक कुठलं, काका? सगळं गाव जोडीत बसलेलं."

हे खरे आहे. मला सुचले नव्हते.

पाच वाजले. साहेबाने दार लावले. उतरताना गुडघ्याने फार त्रास दिला. तिने हात दिला. मी घेतला नाही. नंतर एका ठिकाणी घेतला.

१२ एप्रिल

शिडी अठरा. छत्री अठरा.

समान मते पडली की चिठ्ठी टाकतात. साहेबाने दोन कागद घडी करून डब्यात टाकले, हलवले आणि एक काढला. छत्री निघाली. गावाने इतकी वर्षे इतका काटेकोर हिशेब ठेवला तो या डब्यासाठी.

सेक्रेटरी संध्याकाळी घरी आला. ओट्यावरूनच ओरडला, "काय कबूल केलंय त्यांनी तुला? सांग ना! लोकांनी बघितलंय तुला भिंतीवर बसलेलं. तिच्या डब्यातलं खात होतास म्हणे."

मी म्हणालो, "ती सुटी झाली होती. माझी जोडी लागली."

"तुला कोणी विचारलं होतं जोडी लावायला? तिला टाकू द्यायचं होतं की तिचं. बरोबरीच झाली असती, चिठ्ठीच पडली असती."

"मग फरक काय पडला?"

तो ओट्याच्या कडेला टेकला. मग म्हणाला, "फरक हा, की तू आमचा राहिला नाहीस."

दादा आतून बाहेर आला नाही. वहिनी आली. सेक्रेटरीसमोर चहा ठेवला आणि म्हणाली, "प्या आणि जा."

१५ एप्रिल

दादा बोलत नाही. खोकतो मात्र माझ्याच दिशेने.

३० एप्रिल

डेअरीचा शेवटचा दिवस. मशीन पुसून ठेवले. वजनकाटा खालच्या डेअरीत गेला. भिंतीवरचा 'मतदान करा' कागद काढायला गेलो, तर रंगही निघाला. तसाच ठेवला.

पुढे काय करायचे ते ठरवलेले नाही. वहिनी म्हणते, गोठ्यातले काम काय कमी आहे. कमी आहे. गाई तीनच आहेत.

एक विचार दहा-बारा दिवस डोक्यातून जात नाही. ती मुलगी त्या आईची. आई जर आतून शिडीची, तर मुलगी कशावरून छत्रीची? आणि ती शिडीची असेल, तर आम्ही दोघे आत गेलो असतो तर शिडी वीस, छत्री अठरा. चिठ्ठीचा प्रश्नच नव्हता. माझे काम राहिले असते. तिचे गेले असते. ती कशासाठी भिंतीवर बसली मग? आणि तिने तिचे मत कोणाला दिले असते, पोटाला की आईला?

पुन्हा तीच फसवणूक झाली असेल तर माझ्यासारखा मूर्ख मीच.

३ मे

आज पहिल्यांदा आमच्या घरचे दूध घेऊन खालच्या डेअरीत गेलो. दादा जायला तयार नव्हता. आता दुसरीकडे जाण्यासारखे काही उरले नाही.

रांग मोठी. वरच्या आणि खालच्या लोकांची एकच झाली आहे, त्यामुळे माणसे अवघडल्यासारखी उभी होती. माझी पाळी आली. तिने नमुना घेतला. हात चांगला आहे. घाई करत नाही.

मी हळू आवाजात म्हणालो, "एक विचारू? त्या दिवशीचं. तू नक्की छत्रीचीच ना?"

तिने वर पाहिले नाही. "आईला विचारलं होतंत कधी?"

"नाही. सुचलंच नाही. इतकी वर्षं."

"विचारलं असतंत तर तिनं खरं सांगितलं असतं. खोटं बोलता यायचं नाही तिला."

"मग जोडी मोडावी लागली असती."

"लागली असती."

मशीनवर आकडा आला. तिने तो लिहिला. मागे लोक खोळंबले होते, कोणीतरी किटली आपटली.

मी म्हणालो, "मग विचारलं नाही तेच बरं झालं."

"आईपण हेच म्हणायची," ती म्हणाली, आणि पुढच्याची किटली ओढून घेतली.